मांजरीचा निळा पंप

मी डूख धरणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून मोठेपणाची अपेक्षा करायला नको. लोक म्हणतात, माफ करून टाकावं, मन हलकं होतं. माझं मन जड नव्हतंच मुळी. चोवीस वर्षं मी एक राग लोणच्याच्या बरणीसारखा जपला होता, फडकं बांधून, ओला हात न लावता. तो राग होता माझ्या थोरल्या नणंदेवर. आणि त्याचं उट्टं काढायची वेळ आणून दिली एका मांजरीने.

मांजरीचं नाव सांगत नाही. इथे कुणाचंच नाव घ्यायचं नाही असं ठरवलंय, मग तिचं एकटीचं कशाला?

आधी राग कसला ते ऐका. लग्नानंतरची माझी पहिली संक्रांत. बेलापूरच्या याच घरात, सिडकोच्या जुन्या बिल्डिंगीत, तिसऱ्या मजल्यावर. सासूबाई तेव्हा होत्या. मला काळी साडी नेसवलेली, अंगावर हलव्याचे दागिने, डोक्यावर हलव्याचा मुकुट, आणि हॉलच्या मधोमध खुर्चीवर बसवलेलं. सेक्टरमधल्या तीसेक बायका हळदीकुंकवाला आलेल्या. तेवढ्यात कंबरपट्ट्याचा दोरा सुटला. सेफ्टी पिन हवी होती. वन्सं, म्हणजे हीच माझी नणंद, माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, तेव्हा शाळेत शिकवायच्या. आवाज असा की मागच्या बाकावरचं पोर दचकावं. त्या माझ्या पर्समध्ये पिन शोधायला गेल्या आणि त्यांच्या हाताला लागला माझा पंप. दम्याचा, निळा. सात वर्षांची होते तेव्हापासून तो माझ्यासोबत आहे.

त्यांनी तो दोन बोटांत धरून सगळ्यांना दिसेल असा वर उचलला. म्हणाल्या, "अगंबाई, हे काय? आमच्या भावजयीचं अत्तर वाटतं!"

बायका खो खो हसल्या. मग त्यातलीच एक म्हणाली, "अहो, अत्तर कसलं, हा तर दम्याचा पंप." हसणं थांबलं. सासूबाईंच्या हातातलं तिळगुळाचं ताट तसंच राहिलं. आणि मी मुकुट घालून बसलेली, उठायची सोय नाही, मान हलवली तरी हलवा गळतोय.

आठ दिवसांच्या आत माझ्या वडिलांना साताऱ्याहून बोलावून घेतलं. वडिलांनी मध्यस्थाला सगळं सांगितलं होतं, त्या मेल्याने ते गिळून टाकलं. पण ऐकतंय कोण? "दमेकरी मुलगी आमच्या गळ्यात बांधलीत," हे वाक्य वन्संचं. वडील सोफ्याच्या कडेवर बसले होते, टेकलेसुद्धा नाहीत. पाणी दिलं, ते प्यायले नाहीत. निघताना त्यांनी हात जोडले. वन्संना! आपल्या लेकीहून दहा वर्षांनी मोठ्या पोरीला. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. वडील जाऊन नऊ वर्षं झाली, पण डोळे मिटले की मला त्यांचा चेहरा आधी दिसत नाही, ते जोडलेले हात दिसतात.

म्हणून डूख. उगीच नाही.

त्या संक्रांतीनंतर माझा पंप बाथरूममध्ये गेला. पंप दाबला की फुस्स आवाज होतो. तो बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ पूर्ण सोडायचा, बादलीत धार पाडायची, भिंतीकडे तोंड करायचं आणि ओढायचं. एक पंप तांदळाच्या डब्यात, एक आरशामागे, एक त्याच काळ्या साडीच्या घडीत. छाती भरून आली की जो जवळ असेल तो काढायचा आणि बाथरूम गाठायची. माझा नवरा न्हावा शेव्याला कस्टम एजंटच्या ऑफिसात आहे, दिवसभर ट्रकवाल्यांशी भांडतो, पण आई आणि बहिणीपुढे त्याच्या तोंडाला कुलूप. बाथरूममधला नळ सुटला की तो टीव्हीचा आवाज वाढवायचा. हीच त्याची मदत, आणि मला ती पुरायची. सासूबाई गेल्या तरी सवय गेली नाही.

वन्सं दोन बिल्डिंग सोडून राहतात. आता मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाल्यात. दर रविवारी सकाळी चहाला येतात. लिफ्ट बंद असेल तर येत नाहीत, फोन करून लिफ्टवाल्याच्या नावाने शंख करतात. आल्या की सोफ्यावर बसतात आणि पर्स मांडीवर. चहा पिताना मांडीवर, पोहे खाताना मांडीवर, हात धुवायला गेल्या तर बगलेत. मला वाटायचं, बघा, चोवीस वर्षं झाली तरी या बाईला मी चोर वाटते.

आता मांजर. दिवाळे कोळीवाड्याहून मासे घेऊन येणारी आमची एक मावशी आहे. मुलगा पुण्याला शिकायला गेला त्या वर्षी तिने टोपलीवरचं फडकं बाजूला केलं आणि कोलंबीशेजारून एक पिल्लू काढलं. एक कान फाटका, अंगावर तपकिरी ठिपके. म्हणाली, "पोरगा पुन्याला गेलाय ना तुजा? मंग हिला ठेव घरान. माजी सगली सुकट खाते मेली." मी नको नको म्हणेपर्यंत पिल्लू फ्रिजखाली गेलं होतं. राहिली.

चार वर्षं छान गेली. मग शेजारची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटसाठी पाडायला घेतली. दिवसभर धूळ. खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवलं तर पांढरं. त्या हिवाळ्यात मांजर खोकायला लागली. जमिनीला पोट लावून बसायची, मान पुढे ताणायची आणि खॉक खॉक करायची. बाहेर काहीच पडायचं नाही. सगळे म्हणाले, केसाचा गोळा अडकलाय. नवरा म्हणाला, गवत दे. वन्सं म्हणाल्या, "मांजरं खोकतातच. लाड कमी कर."

एक दिवस दुपारी तिचा खोकला थांबेचना. मी जमिनीवर आडवी होऊन तिच्याकडे बघत राहिले. पुढचे दोन्ही कोपर बाहेर काढलेले, पोट आत-बाहेर, आत-बाहेर, आणि डोळे कुठेच बघत नाहीत. ते बसणं मी ओळखलं. लहानपणी मी अशीच बसायचे, गुडघ्यांवर कोपर टेकून, आणि वडील पाठीमागे पंप हलवत उभे. केसाचा गोळा, डोंबल! मी तिला बास्केटमध्ये घातलं आणि रिक्षाने नेरूळ गाठलं.

डॉक्टर पोरगेलीशी, केस वर बांधलेले, हातावर ओरखडे. तिने एक्स-रे काढला, जंत बघितले, हृदय तपासलं, दोन दिवसांनी परत बोलावलं. म्हणाली, "दमा आहे हिला."

मला हसू पण आलं आणि रडू पण आलं.

ती म्हणाली, मांजरांनाही होतो, आणि माणसांचेच पंप चालतात. नारिंगी रोजचा, सकाळ-संध्याकाळ. त्याचा गुण यायला दोनेक आठवडे लागतील, तोवर गोळ्या. निळा फक्त अटॅक आला तर. तेव्हा नारिंगी कामाचा नाही, निळाच हवा. आणि घरात उदबत्ती, धूप, कॉइल, सेंट, काही म्हणजे काही नको.

मी पर्स उघडली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा एका परक्या माणसासमोर माझा पंप बाहेर काढला. विचारलं, "निळा म्हणजे हाच का?"

"हो, हाच. तुम्हाला पण आहे?" चष्म्याचा नंबर विचारावा तशी ती विचारत होती. "मग बरं झालं, तुम्हाला फारसं शिकवायला नको."

मांजराला काही 'ओढ' म्हणून सांगता येत नाही. त्यासाठी एक पारदर्शक नळकांडं मिळतं. एका टोकाला पंप बसवायचा, दुसऱ्या टोकाला छोटा रबरी मास्क, तो तिच्या नाकातोंडावर धरायचा. पंप दाबला की औषध नळकांड्यात भरतं आणि ती श्वास घेईल तसं आत जातं. नळकांड्यात एक छोटी झडप असते. ती हलली की एक श्वास. असे दहा मोजायचे. मध्येच मास्क काढला की गेलं फुकट.

पहिल्या आठवड्यात तिने माझे हात सोलून काढले. पंप नाहीच लावला, नुसता मास्क. मास्कच्या कडेला उकडलेली कोलंबी चोळायची, तिला नाक घालू द्यायचं, शाबासकी द्यायची. मग दोन सेकंद धरायचा. मग पाच. मग पंप लांबून दाबून आवाजाची सवय. त्या फुस्सला ती असली फिस्कारायची की आमच्यात दोन नागिणी भांडतायत असं वाटावं. पण मीही साताऱ्याची. महिनाभराने अशी वेळ आली की मी पंप खुळखुळवला की बाईसाहेब स्वतःहून शेपटी उभी करून यायच्या, मांडीसमोर बसायच्या आणि तोंड पुढे करायच्या. दहा श्वास, मग कोलंबी. खोकला कमी होत होत थांबला.

आणि हे सगळं कुठे? हॉलमध्ये. उन्हाच्या पट्ट्यात, उघड्या दाराकडे तोंड करून. जिन्यातून जाणारा येणारा बघतोय, दूधवाला बघतोय, तिला काही नाही. एका सकाळी तिचे दहा मोजून झाले आणि माझीच छाती घट्ट झाली. मी सवयीने उठले, बाथरूमच्या दारापर्यंत गेले. आणि मला माझीच अशी चीड आली म्हणून सांगू! मांजर उजेडात बसून औषध घेते आणि मी धडधाकट बाई भिंतीकडे तोंड करून चोरासारखी घेते. मी परत फिरले, हॉलमध्ये आले, पंप तोंडाला लावला आणि ओढला. नवऱ्याने सवयीने टीव्हीचा आवाज वाढवला. मग माझ्याकडे बघितलं आणि हळूच कमी केला.

त्या दिवशी मी डब्यातला, आरशामागचा, साडीतला, सगळे जुने पंप काढून फेकून दिले. आता लपवायचं कुणापासून? एकच निळा ठेवला, टीव्हीशेजारी, नळकांड्याजवळ, दोघींना मिळून. हा शहाणपणा पुढे माझ्याच अंगाशी आला.

मांजराला पंप देतात हे कळल्यावर बिल्डिंगमधल्या बायका बघायला यायला लागल्या. पहिल्या आल्या तळमजल्यावरच्या काकू. या इथल्या मूळच्या, आमचं सेक्टर ज्या शेतांवर उभं आहे ती शेतं त्यांच्या सासऱ्यांची. कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आगं बाय, मांजरीला बी पंप हाय?" मी त्यांना सगळं दाखवलं. निळा पंप खुळखुळवून हवेत दाबला, "बघा, असा फुस्स." दुसऱ्या आल्या, त्यांनाही दाखवलं. फुस्स. तिसऱ्या सुनेला घेऊन आल्या. फुस्स, फुस्स. खोटं कशाला बोलू, बायकांना ज्ञान मिळावं म्हणून मी ते करत नव्हते. ते दोन बिल्डिंग पलीकडे पोचावं म्हणून करत होते.

पोचलं. त्या रविवारी वन्सं आल्या, पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "काय ऐकतेय मी? मांजराला पंप! आणि स्वतः पण चारचौघींत घेतेस म्हणे. लोक हसतायत आपल्याला. असली थेरं दार लावून करावीत."

दार लावून! चोवीस वर्षं दारच लावून केलं की, बाई. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी गोड हसले. म्हटलं, "वन्सं, यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू करतेय. खूप वर्षांत केलं नाही. तुम्ही पहिल्या यायचं."

मनात सगळं ठरलं होतं. तोच हॉल. तीच खुर्ची, मी माळ्यावरून खाली काढून पुसून ठेवली. वन्संना मधोमध बसवायचं, सगळ्या बायका जमल्या की त्यांच्या हाताला अत्तर लावायचं आणि म्हणायचं, "वन्सं, हे तुमचं अत्तर. आणि हे आमचं," असं म्हणून पंप वर उचलायचा, दोन बोटांत, अगदी तसाच. मग वडिलांची गोष्ट. जोडलेल्या हातांसकट. कणीक मळताना मी ती वाक्यं इतक्यांदा म्हटली होती की नवरा एकदा विचारायला आला, कुणाशी बोलतेस?

उदबत्ती नाही लावली, धूप नाही. डॉक्टरीणबाईंचं सगळं ऐकलं. पण अत्तर आणलं. अत्तराशिवाय माझं वाक्यच उभं राहत नव्हतं. मी स्वतःला समजावलं, इतकीशी कुपी, बायकांच्या हाताला एकेक बोट लागणार, मांजरीला काय होतंय?

हळदीकुंकवाच्या दिवशी संध्याकाळी खाडीवरचे डास नकोत म्हणून खिडक्या लावून घेतल्या. मी काळी साडी नेसले. तीच. बावीस बायका आल्या. एकेकीला हळदीकुंकू, मनगटाच्या मागे अत्तर, तिळगूळ, वाण म्हणून स्टीलची गाळणी. मांजर नेमकी जाऊन त्या मधल्या खुर्चीवर बसली होती, मानकरीण असल्यासारखी. आणि जी येईल ती, "अय्या, हीच का ती पंपवाली?" म्हणून तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी बघत होते आणि मला कौतुक वाटत होतं. आत्ताच अत्तर लावलेले हात आहेत ते, मीच लावलंय, हे माझ्या डोक्यात येऊ नये? नाही आलं. डोकं दाराकडे होतं.

वन्सं सगळ्यात शेवटी आल्या. मी मांजरीला खाली ढकललं आणि त्यांना बसवलं. पर्स मांडीवर. हळदीकुंकू लावलं. अत्तराची कुपी उघडली तशी त्यांनी हात मागे घेतला. "मला नको अत्तर."

"असं कसं वन्सं, सवाष्णीने नाही म्हणू नये," मी म्हटलं, मनगट घट्ट धरलं आणि चांगलं दोनदा लावलं. मग सरळ उभी राहिले. आवाज मोठा केला. "वन्सं, हे तुमचं अत्तर..."

आणि टीपॉयखालून आवाज आला. खॉक.

मला वाटलं थांबेल. नाही थांबला. मी वाकून बघितलं तर तिने मान जमिनीला समांतर ताणली होती आणि तोंड उघडलं होतं. मांजर तोंड उघडून श्वास घेत नाही. घेतेय म्हणजे संपत आलंय. हिरड्या पांढुरक्या निळ्या दिसत होत्या. मी झडप घालून नळकांडं आणि निळा पंप उचलला. खुळखुळवला. हलका. दाबला. काहीच नाही. पुन्हा दाबला. काहीच नाही.

सगळा मीच उडवला होता. बायकांना दाखवून दाखवून, हवेत. घरात दुसरा नाही, ऐटीत फेकून दिले होते. नारिंगी होता, तो या वेळी पाण्याइतकाच. मेडिकल चौकापलीकडे. कुणी जाऊन येईपर्यंत ही राहत नाही, हे मला दिसत होतं. तिच्या अंगाला अत्तराचा भपकारा येत होता. माझ्या अत्तराचा.

मी ओरडले, "कुणाकडे निळा पंप आहे का? दम्याचा! आहे का कुणाकडे?"

बावीस बायका. एवढ्या बायकांत एकीलाही दमा नसेल, यावर माझा आजही विश्वास नाही. सगळ्या गाळण्या हातात धरून जमिनीकडे बघत होत्या. मी पुन्हा ओरडले.

पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला. वन्संनी आतून एक रुमाल काढला. रुमालाची गाठ सोडली, त्यांची बोटं गाठीत अडकत होती. आत निळा पंप. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाल्या, "घे. भरलेला आहे."

मी घेतला. विचार करायला वेळ कुठे होता? नळकांड्यात बसवला, हलवला, मास्क तिच्या तोंडावर धरला, दाबला. झडप हलली. एक. दोन. तीन. ती इतक्या भराभर श्वास घेत होती की आकडे तोंडात अडखळत होते. दहा. पुन्हा दाबला. पुन्हा दहा. हळूहळू पोटाचा भाता मंदावला. तिने तोंड मिटलं. मी डॉक्टरला फोन लावला. ती म्हणाली, लगेच आणा, ऑक्सिजन तयार ठेवते. तळमजल्यावरच्या काकूंनी खिडक्या उघडल्या, ओल्या फडक्याने मांजरीची पाठ पुसली, लेकाला गाडी काढायला फोन केला आणि त्या बास्केट मांडीवर घेऊन बसल्या.

तेव्हा कुठे मी मान वर केली. खुर्ची रिकामी होती. आणि बाथरूमचा नळ चालू होता.

तो नळ मी ओळखते. पूर्ण सोडलेला, बादलीत धार. मी पॅसेजमध्ये गेले. धारेच्या आवाजाखालून दुसरा आवाज येत होता, बारीक शिट्टीसारखा. तोही मला पाठ आहे. त्या आत गेल्या होत्या, दार लावून, भिंतीकडे तोंड करून. आणि त्यांचा पंप माझ्या हातात होता.

मी दार वाजवायला हात उचलला. आणि थांबले.

एक. दोन. तीन. मी मोजत होते. माझ्या वडिलांनी इथूनच, याच पॅसेजमधून, चपला घालायला वाकून बाहेर पाऊल टाकलं होतं. सहा. सात. आतली शिट्टी बारीक होत चालली होती. दहा.

मग दार वाजवलं. "वन्सं, पंप माझ्याकडे आहे. बाहेर या. आत नाही देणार मी."

कडी निघाली. ओठ पांढरे, कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलेलं. मी कोपराला धरून त्यांना हॉलमध्ये आणलं, खुर्चीवर बसवलं, पंप हातात दिला. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"इकडे तोंड करून घ्या," मी म्हटलं.

त्यांनी घेतला. बावीस जणींसमोर. फुस्स. मग पुन्हा. कुणी हसलं नाही. मी वाट बघितली, त्यांच्या छातीचा आवाज कमी होईपर्यंत. मग विचारलं, "कधीपासून?"

"तुझ्या लग्नाच्या आधीपासून." त्या पदराने हात पुसत होत्या, मी जिथे अत्तर लावलं होतं तिथे. "ह्यांना अजून माहीत नाही."

मला कळवळा यायला हवा होता ना? नाही आला. उलट राग नव्याने पेटला. म्हणजे त्या दिवशी माझ्या पर्समध्ये हात गेला तेव्हा या बाईला पक्कं माहीत होतं की हे काय आहे. तसलाच एक तिच्याही पर्समध्ये होता. आणि ती अत्तर म्हणाली. आणि माझ्या वडिलांना हात जोडू दिले. माझी सगळी वाक्यं तयार होती, बायका समोर होत्या, याहून चांगली वेळ येणार नव्हती. पण खाली गाडीचा हॉर्न वाजला. मी बास्केट उचलली. जाता जाता बाथरूममध्ये शिरून नळ बंद केला.

मांजर दुसऱ्या दिवशी घरी आली. आता ठणठणीत आहे. सकाळ-संध्याकाळ दहा श्वास, मग कोलंबी. निळे पंप घरात तीन आहेत, तिन्ही डोळ्यांसमोर. अत्तराची कुपी मी खाडीपुलावरून फेकून दिली. वन्सं रविवारी येतात. पर्स टीपॉयवर ठेवतात. मी त्यांना माफ केलेलं नाही, त्यांनीही कधी माफी मागितलेली नाही.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. मांजरीसाठी दहा मोजले तेव्हा माझा जीव जात होता. वन्संसाठी दहा मोजले तेव्हा मला बरं वाटत होतं. चोवीस वर्षांत इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. ते दहा आकडे माझे, मला एकटीलाच माहीत, असं मी धरून चालले होते.

गेल्या रविवारी मांजरीचे श्वास मोजत होते. एक, दोन, तीन, मोठ्याने. वन्सं सोफ्यावरून बघत होत्या. माझे दहा झाले, मी मास्क काढला, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या दिवशी दाराखालच्या फटीतून तुझे पाय दिसत होते गं."

मी मांजरीच्या तोंडापुढे कोलंबी धरली होती, ती तशीच धरून राहिले.

"बराच वेळ," त्या म्हणाल्या. मग पर्सकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चहा टाक."

मी उठले आणि चहा टाकला.